अदपावाचं माप

नांदेड, सरकारी शफाखाना
आश्विन शुद्ध ११, शके १८४०

साखरा, गुणाक्काचा आशीर्वाद.

हे पत्र उभ्याउभ्या लिहून राहिले. बसायला जागा न्हाई आणि फुरसत त्याहून न्हाई. चोवीस खाटांच्या दालनात एकसष्ट माणसं निजवलीत, दोन खाटांच्या मधे सतरंजीवर पण.

हणमंता या साथीच्या मानमोडीच्या तापानं लातूरच्या दवाखान्यात पडलाय, हे मला तू न्हाई कळवलं. रेणापूरच्या कापसाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. सख्ख्या भावाचं दुखणं बहिणीला गाडीवाल्याकडून कळावं? ते भांडण मी मागाहून करीन, विसरणार न्हाई.

आता मी काय धरलंय ते ऐक, माझं पोट फुगलंय सांगायला. माझं काम तुला ठाऊक हाय. रोग्यांची भांडी उचलायची. थुंकीची, उलटीची, लघवीची. नाक मुरडू नको. तर मागच्या पंधरवड्यात माझ्या हातालाच कळायला लागलं की मानमोडीच्या रोग्याचं लघवीचं भांडं हलकं येतंय. आजार छातीचा, खोकून खोकून जीव जातो, मग भांडं का हलकं व्हावं? हणमंता लातूरच्या गंज बाजारात धान्य मापतो, मी त्याची बहीण हाय. नुसत्या हाताच्या अंदाजावर मी थोडीच थांबणार?

त्यानं मला ते काठ चेपलेलं पत्र्याचं माप दिलं होतं बघ, अदपावाचं, अर्ध्या पावशेराचं, गंजातून बाद झालेलं. त्याच्यानं मोजायला लागले. एका मापाला एक रेघ, ज्याच्या त्याच्या उशाच्या भिंतीवर, कोळशानं. धडधाकट माणसाच्या आठ प्रहरांत दहा-बारा रेघा होतात. माझ्या स्वतःच्या अकरा झाल्या, मोजूनच सांगते. हणमंता पहिल्या मापाला कधी एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो, मग दोन, तीन. मीपण तसंच म्हणते. कंपाउंडर हसून राहतो. हसू दे मेल्याला.

खाट सातवर अर्धापूरचा शेषेराव होता, केळीच्या बागेवरचा. त्याचा ताप उतरला, खोकला गेला, मला म्हणाला, "गुणाबाई, बागेत ये, घड देतो." पण भिंतीवर त्याच्या रेघा नऊच्या सहा, सहाच्या तीन, तीनची एक. चौथ्या दिवशी डोळे सुजले, पाचव्या दिवशी धाप लागली, सहाव्या दिवशी गेला. ताप न्हाई, काही न्हाई, आणि गेला. मी कोळसा हातात घेऊन तशीच उभी.

म्हणून तीन गोष्टी ताबडतोब कळव. खोकला किती? खाणं काय? आणि आठ प्रहरांत हणमंताला लघवी किती मापं होते, रंग कसा? तिसरीचं उत्तर आधी लिही.

गुणाक्का


लातूर
आश्विन वद्य १, शके १८४०

तीर्थस्वरूप गुणाबाई आक्का यांचे सेवेशी, साखराबाई हणमंतराव हिचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. शेजारी राहणारे रेणुकादास मास्तर यांनी ते आमच्या ओसरीवर सर्वांसमक्ष वाचून दाखविले, व हे उत्तरही मी सांगते तसे तेच लिहीत आहेत.

कळविण्यास परमानंद वाटतो की इकडील स्वारीचा ताप उतरून पाच दिवस झाले. काल दवाखान्यातून घरी आणले. खोकला नाममात्र उरला आहे. आहाराविषयी आपण विचारले, तर गावठी कोंबडीचा रस्सा दोन्ही वेळ देत आहे. जिभेची चव गेल्यामुळे लिंबाचे खारे लोणचे आवडीने मागून घेतात. मुखावर तेज आले असून बसलेले गाल पुन्हा भरले आहेत. जो येतो तो म्हणतो, दुखण्याने माणूस उलट सुधारला. पूर्वी रात्री दोन-तीनदा उठत, आता एकदाही उठत नाहीत, इतकी शांत झोप लागते.

आपण आमची काळजी करू नये, स्वतःच्या प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा.

साखराबाई, हस्ते रेणुकादास मास्तर


नांदेड
आश्विन वद्य ५

साखरा,

मला नाचावंसं वाटून राहिलंय आणि तुझ्या एक थोबाडीत द्यावीशीपण वाटतेय. आधी नाच सांगते.

परवा हैदराबादहून बडे साहेब पाहणीला येणार म्हणून दालनाला चुना फासायचा हुकूम निघाला. चुनेवाला बादली घेऊन आला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तो म्हणतो, "बाई, सरका." मी म्हणाले, "आधी माझ्या अंगावर फासायचा, मग भिंतीवर. ही माझी मापं हायेत." आरडाओरडा झाला. डॉक्टर अनंतराव धावत आले. माणूस चांगला हाय, पण वीस दिवसांत झोप न्हाई, डोळे लाल.

"काय तमाशा लावलास, गुणाबाई?"

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या साऱ्यांतलं आता कोण बिघडणार ते मला विचारा."

"का? पंचांग उघडलंस का?"

"खाट चार, अकरा आणि एकोणीस," मी म्हणाले.

ते हसले. "चारचा ताप गेलाय, छाती मोकळी झालीय. उद्या घरी जाईल तो."

"जाईल की. पण जायच्या आधी त्याच्या रेघा मोजा."

त्यांनी मोजल्या. दहा, सात, चार, दोन. हसणं थांबलं. मग वाकून साऱ्या भिंतीभर फिरले, मेलेल्यांच्या रेघापण बघितल्या, शेषेरावच्या दोनदा मोजल्या. मग म्हणाले, "चारचं भांडं आण."

साखरा, मी जे बघितलं ते तुला कसं सांगू! काचेच्या नळीत थोडी लघवी घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. उकळी फुटली आणि बघता बघता पांढरी झाली, अंड्याच्या पांढऱ्यागत गोठली! अकराची केली, ती पण गोठली. मी ओरडलेच. कंपाउंडरचं तोंड बघायला पाहिजे होतं तू.

डॉक्टरांनी मला सांगितलं ते तुला सांगते. बोकडाचे गुर्दे बघितलेत ना? तसे आपल्या पाठीत दोन असतात, अंगातलं घाण पाणी ते गाळतात. मानमोडी छातीतून उतरते आणि कुणाकुणाच्या गुर्द्यावर जाऊन बसते. गाळणं फाटलं की अंगातलं सत्त्व लघवीतून जातं आणि घाण पाणी अंगात राहतं. तेच पाणी डोळ्याखाली, गालावर, पायावर साठतं.

एकोणीसची गोठली न्हाई. ती देगलूरकडची पार्वतम्मा. तिचे गुर्दे साबूत, पण सासूनं चार दिवस पाण्याचा थेंब दिला न्हाई, पाण्यानं छाती भरते म्हणून. बाई वाळून गेली होती. चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, दिवेलागणीपर्यंत लाभ, दोन, तीन! मी मोठ्यांदा मोजलं, साऱ्या दालनानं ऐकलं.

म्हणजे दोन तऱ्हा. वाळलेल्याला पाणी द्यायचं. सुजलेल्याला मीठ बंद, मटण बंद, दूध तेवढं मापून, आणि खाटेवरून उठायचं न्हाई. गुर्द्याला आराम, हीच दवा. भिंतीला चुना लागला न्हाई. साहेबांना डॉक्टरांनी भिंतच दाखवली.

आता थोबाडीत. गाल भरले म्हणतेस? पाच दिवसांत कुणाचे गाल भरतात गं, लग्नाच्या नवरीचे पण भरत न्हाईत! ते गाल न्हाईत, पाणी हाय. रात्री उठत न्हाई ही झोप न्हाई, भांडं रिकामं हाय. लोणचं फेकून दे. नडगीवर अंगठा दाबून बघ, खड्डा राहतो का. आणि आठ प्रहर लघवी मोज. मी हेच मागच्या पत्रात विचारलं होतं, तू त्याला शिवलीच न्हाईस.

गुणाक्का


लातूर
आश्विन वद्य ९

तीर्थस्वरूप गुणाबाई आक्का यांचे सेवेशी साष्टांग नमस्कार.

आपले पत्र मास्तरांनी वाचले. आपला शफाखान्यात झालेला सन्मान ऐकून ऊर भरून आला. हैदराबादच्या साहेबांनी आपली भिंत पाहिली हे ऐकून गल्लीतील बायकांनी डोळे विस्फारले. पार्वतम्माबाईंस पाणी पाजल्याचे ऐकून सर्वांना समाधान वाटले.

आपण आरामाविषयी लिहिले, त्याप्रमाणे त्यांना खाटेवरून उतरू देत नाही. मात्र थोडी धाप लागते, म्हणून उशाला दोन गिरद्या देते. पायातील जोडा घट्ट होऊ लागला आहे, नवा करावा लागेल. दिवाळीसाठी कडबोळी व शेव तळून ठेविली आहे, गरम कडबोळी त्यांनी खाटेवर बसूनच चार खाल्ली. दिवसाही झोप येते, हाक मारली तर उशिराने ओ देतात. अशक्तपणा असेल. गाल अधिकच भरले आहेत.

आपली आज्ञाधारक साखराबाई, हस्ते रेणुकादास मास्तर


नांदेड
आश्विन वद्य १२

रेणुकादास मास्तर यांस,

हे पत्र साखराला न्हाई. तुम्हाला हाय. मी टपालात टाकलं न्हाई, शफाखान्याच्या शिपायाच्या, दगडोबाच्या हाती दिलंय, तो तट्टावरून येऊन राहिलाय. त्याला सांगितलंय, मास्तर वाचेपर्यंत ओसरीवरून हलायचं न्हाई.

मी साखराची दोन्ही उत्तरं समोर ठेवली. माझ्या पहिल्या पत्रात मी तीन गोष्टी विचारल्या. खोकल्याचं उत्तर आलं, खाण्याचं आलं. लघवीचं न्हाई. दुसऱ्यात मी पुन्हा विचारलं, मीठ बंद सांगितलं, गाल म्हणजे पाणी सांगितलं. उत्तरात काय, तर भिंत आली, साहेब आले, पार्वतम्मा आली, आराम आला. आणि कडबोळी! आता माझी साखरा भोळी हाय, पण नवऱ्याला मीठ विष हाय म्हटल्यावर कडबोळी तळणारी न्हाई. म्हणजे तिनं ते ऐकलंच न्हाई. म्हणजे तुम्ही ते वाचलंच न्हाई.

मास्तर, तुम्ही माझ्या ओळी गिळल्या.

मला कळतं कशा गिळल्या. ओसरीवर बायाबापड्या बसल्या, तुम्ही सोवळ्यातले, पोरांना श्लोक शिकवणारे. लघवी शब्द आला की जीभ टाळ्याला चिकटली. मधलं सोडून खालचं वाचलं. सभ्य माणूस! इथं डॉक्टर अनंतराव, तुमच्याहून चौपट शिकलेले, दोन्ही हातांनी नळी धरून उजेडात बघतात आणि मला म्हणतात, "गुणाबाई, आधी तुझी भिंत, मग माझी नाडी." त्यांना लाज न्हाई वाटत. मला लाजायला फुरसत न्हाई. लाज वाटायची मक्तेदारी काय तुम्ही एकट्यानं घेतली?

हणमंताला धाप लागून राहिलीय. झोप येते. खाट सातच्या शेषेरावला पाचव्या दिवशी हेच होत होतं. चारचा माणूस मात्र बसून दूध पितो, कारण आम्ही वेळेत धरला. माझा भाऊ सात होतोय की चार, ते तुमच्या जिभेवर हाय.

आता करायचं ते. एक अदपावाचं माप आणा. त्यानं ज्यात केली ते भांडं कुणी फेकायचं न्हाई, मापून फेकायचं, भिंतीवर रेघ. मीठ घरातून काढा, कडबोळी गल्लीत वाटा. रस्सा बंद. दूध आठ प्रहरांत आठ मापं, त्याच्यावर नको. पाणी ओठ ओले करण्यापुरतं. घोंगडीत गुंडाळून घाम येऊ द्या. आणि तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी आणून लघवी उकळून बघा म्हणावं. न्हाई म्हणाला तर त्याला हे पत्र दाखवा.

हे सगळं आता ओसरीवर, मोठ्या आवाजात, पहिल्या अक्षरापासून वाचा. लघवीसकट.

गुणाबाई


लातूर
आश्विन अमावास्या

सौजन्यमूर्ती गुणाबाई यांस रेणुकादास याचा नमस्कार.

आपला आरोप अक्षरशः खरा आहे. दोन्ही पत्रांत त्या ओळींवर आलो की मी खाकरत असे व पुढील ओळीवर जात असे. खाली काय लिहिले आहे याचा अर्थही मी लावला नाही, इतकी ती वाट चुकवण्याची घाई होती.

काल दगडोबा आला तेव्हा ओसरीवर अकरा माणसे होती. मी आपले पत्र पहिल्या अक्षरापासून वाचले. माझा आवाज दोनदा गेला, परंतु शब्द एकही गेला नाही. वाचून झाल्यावर साखराबाई पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, हे आधी का न्हाई वाचलं?" मग तीच खाली बसली आणि म्हणाली, "तुमचं एकट्याचं न्हाई. भांडं मीच टाकते. चार दिवस झाले, चूळभर होतंय आणि शिकेकाईच्या पाण्यासारखं काळं. मला ठाऊक होतं. पण तुमच्याकडून ते कसं लिहवून घेऊ, म्हणून मी झोप लागते असं सांगितलं."

म्हणजे बाई, ती सांगायला लाजली आणि मी वाचायला.

नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो मी शंभर मोजेपर्यंत भरला नाही. हणमंतरावांस आज हाक मारली तर डोळे उघडतात, बोलत नाहीत. येथील डॉक्टर आले, नळीत उकळून पाहिले, ती दह्यासारखी झाली. त्यांनी आपले पत्र मागून घेऊन दोनदा वाचले व आपण सांगितले तेच करा म्हणाले. खात्री कशाचीच देता येत नाही, असेही म्हणाले.

माप घरात नव्हते. मी कालच लगेच गंजात गेलो. दिवाळीचा दिवस, आडत्यांच्या दुकानी पूजेच्या तयारीची गर्दी. मडिवाळप्पा आडत्याने सर्वांदेखत विचारले, "काय मास्तर, शाळा सोडून धान्य मापणार का?" मी म्हणालो, "हणमंताची लघवी मापायची आहे." असे म्हणून मी त्या शब्दासकट तिथेच उभा राहिलो. कोणीही हसले नाही. मडिवाळप्पाने लक्ष्मीपुढे ठेवायचे कोरे माप उचलून दिले.

आठ प्रहरांचे मोजले. दीड माप. साखराबाईने पहिली रेघ ओढली, दुसरी अर्धीच.

दगडोबाचे तट्टू दमले होते, मडिवाळप्पाने आपले घोडे दिले आहे.

रेणुकादास


नांदेड
कार्तिक शुद्ध २

मास्तर,

दीड वाचलं तशीच पत्र घेऊन धावले. मग डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, चारच्या माणसाचं पण दीडवर आलं होतं, दीडनंतर तीन दिवस हललं न्हाई, मग हललं. म्हणून घाबरून कुणी शहाणपणा करू नका. पाणी ओतू नका, काढे पाजू नका, मांत्रिक नको. रेघ न्हाई वाढली तरी रोज ओढा.

आज भाऊबीज. इथं रजा न्हाई मिळाली, चौदा नवी माणसं आलीत, सारी नायगावकडची. सकाळी आरतीत दिवा लावून मी लातूरच्या दिशेला ओवाळलं आणि पुन्हा भांडी उचलायला लागले. खाट चारचा माणूस म्हणतो, "आक्का, मला ओवाळा, मी पण भाऊच." ओवाळलं त्याला.

हणमंताच्या कानाशी जाऊन सांगा, आक्कानं ओवाळणी मागितलीय. लुगडं नको. रेघा पाहिजेत.

मास्तर, गंजातलं वाचून मी कंपाउंडरला सांगितलं. तो म्हणाला, या मास्तरला आमच्या दालनात आणा. मी म्हणाले, न्हाई, तिकडं लागतो.

गुणाक्का


लातूर
कार्तिक शुद्ध ९

आक्का,

मास्तरला मी सांगितलंय, मी बोलते तसंच लिहायचं, सेवेशी-बिवेशी घालायचं न्हाई. तो मान हलवून राहिलाय आणि लिहून राहिलाय.

पहिल्या दिवशी दीड. दुसऱ्या दिवशी दीड. मी भिंतीकडं बघितलंच न्हाई. तिसऱ्या दिवशी दोन. दुपारी यांना आचके आल्यासारखं झालं, मी ओरडले, सारी गल्ली गोळा झाली. मास्तरनं सगळ्यांना ओसरीच्या बाहेर काढलं आणि दाराशी काठी घेऊन बसला. शेजारची केवळाबाई कोथिंबिरीचा काढा घेऊन आली, तिला पण आत सोडलं न्हाई. म्हणाला, "गुणाबाईंचा हुकूम हाय." आक्का, मास्तर हाय म्हणाला, आहे न्हाई म्हणाला!

चौथ्या दिवशी दोन. त्या रात्री घोडा आला, तुझी ओवाळणी कानात सांगितली. डोळे उघडले, बोलले न्हाईत.

पाचव्या दिवशी सकाळी मी झाडून राहिले होते. आतून आवाज आला, "साखरा, भांडं." धावले. आक्का, थांबेचना! मी माप धरून बसले, घाईत थोडं सांडलं पण. एक भरलं, ओतलं, दुसरं भरलं, तिसरं, चौथं. रंग उसाच्या पातळ रसागत. मास्तर दाराबाहेर पाठ करून उभा होता, तिथून विचारतो, "किती?" मी म्हणाले, "मोजून राहिले, गप बसा!" त्या दिवशी सहा. मग सात, आठ, नऊ. काल अकरा. आज सतरा! सतरा, आक्का! तुझ्याहून सहा जास्त! गाल उतरले, तोंड कसं हाडकुळं दिसतंय, जुनं, आपलं. नडगीवर आता खड्डा पडत न्हाई. इथल्या डॉक्टरनं पुन्हा उकळलं, थोडंच पांढरं आलं. महिनाभर मीठ न्हाई, गंजात जायचं न्हाई म्हणाले. हे आतापासून कुरकुरून राहिलेत, अळणी भात काय माणसानं खायचा का म्हणतात. कुरकुरू दे. मला ते गाणं वाटतंय.

भिंतीवर मी साऱ्या रेघा ओढल्यात, पहिल्या दीड रेघेपासून. मास्तर शाळेतली पोरं आणून दाखवतो आणि कशाच्या रेघा ते मोठ्यांदा सांगतो. पोरं खिदळतात. तो खाकरत न्हाई.

आणि एक. पाचव्या दिवशी मी पहिलं माप मोरीत ओतलं आणि घाईत "एक" म्हणाले. तर खाटेवरून हे उठायला निघाले! धाप लागली, पण रागावून म्हणाले, "एक काय म्हणतेस गं? इतकी वर्षं मापाड्याच्या घरात काढली." म्हणून सगळं ओतून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, त्यांना ऐकू जाईल असं.

आता ते कागद मागून राहिलेत. मास्तरनं टाक त्यांच्या बोटांत धरवलाय. हात लई कापतोय, अक्षर वाचता येतं का बघ.

आक्का
लाभ